कणकण

शिंदखेड्याचं लग्न आटोपून आम्ही मायलेकी घरी पोहोचलो तेव्हा चार वाजत आले होते. जिन्यातच बझर ऐकू आला. बारीक, एकसुरी, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. कुलूप काढताना माझा हात थरथरत होता, कारण तो आवाज कशाचा हे पहिल्याच पायरीवर कळलं होतं. दार उघडलं तशी सकाळपासून कोंडलेल्या घरातली झळ अंगावर आली. वरचा मजला, डोक्यावर तापलेला स्लॅब, लावून घेतलेल्या खिडक्या, आणि कुलर तर जाताना मीच बंद केलेला. आतल्या खोलीत स्टुलावर अंडी उबवायचं मशीन होतं. पडद्यावर आकडा होता 40.3. तो असायला हवा होता 37.6. चप्पलही न काढता मी धावत जाऊन झाकण उघडलं, तेवढ्यात मागून लेकीनं विचारलं, "आई, लाल दिवा तर बंद आहे. मग तापतंय कशानं?"

हीटर चालू असला की त्या मशीनवर मुगाएवढा लाल दिवा लागतो. तो बंद होता. म्हणजे मशीनचं काही चुकलेलं नव्हतं, त्यानं ऊब देणं केव्हाच थांबवलं होतं. तरी आकडा चढत गेला होता. मी तिला म्हटलं, "बाहेर ऊन किती आहे बघ ना." चैत्र सरत आलेला, त्या आठवड्यात धुळ्याचा पारा 42-43 अंशांवर. उत्तर चुकीचं नव्हतं. पण ते अर्धंच होतं, आणि काही न बोलता ती वहीत वेळ लिहायला गेली तेव्हा तिलाही ते अपुरं वाटलं असावं. उरलेलं अर्धं मला पुढे चार दिवसांनी कळलं, आणि कळल्यापासून ते मनातून गेलेलं नाही.

आत अठ्ठावीस अंडी होती. एकवीसमधला सोळावा दिवस.

हे मशीन घरात आलं मार्गशीर्षात. त्याआधी भाच्यानं एक करून दिलं होतं. मासळी बाजारातून आणलेला थर्माकोलचा डबा, 40 वॅटचे दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दीड-दोनशे रुपयांना मिळणारा डब्ल्यू 1209 नावाचा काडेपेटीएवढा थर्मोस्टॅट. मला त्या डब्याबद्दल आजही माया आहे. अंड्यांना काय लागतं हे मला त्या डब्यानं शिकवलं. दोन बल्ब का, तर रात्री-अपरात्री एक उडाला तरी दुसरा जागा असावा. पंखा का, तर पंख्याशिवाय वरची हवा तापते आणि तळाची गार राहते. मग अंड्याच्या माथ्याशी एखादा अंश जास्तच ठेवावा लागतो. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल पेन्सिलनं काढायचा, दिवसातून तीनदा किंवा पाचदा फुलीचा गोल करायचा आणि गोलाची फुली. फेऱ्या विषम, म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज एकाच बाजूवर जात नाही. अंडं फिरवलं नाही तर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटून बसतो. कोंबडी हे चोचीनं आणि पायानं दिवसभर करत असते, तेही मोजदाद न ठेवता. मला मात्र शाळेतून यायला उशीर झाला की फुली तशीच राहायची, आणि वर्गात फळ्याकडे पाठ करून उभी असताना मला ती फुली दिसायची.

म्हणून तयार मशीन घ्यायचं ठरलं. दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, किती अंड्यांचं हवं? मला वाटतं हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आम्ही घेतलं ते 48 अंड्यांचं, पण मी एका वेळी तीसच्या वर कधी भरली नाहीत. तीस पिल्लं पहिले तीन आठवडे उबेला ठेवायला घरात जागा किती लागते ते आधी बघावं. मी बघितलं ते वेगळंच. सेन्सर अंड्यांच्या पातळीला लोंबतो की कोपऱ्यात भिंतीला चिकटवलाय. झाकणाला खिडकी आहे का, की प्रत्येक वेळी उघडूनच बघायचं. ट्रे आपोआप कलतो का, आणि शेवटचे तीन दिवस तो कलणं बंद करता येतं का. पाणी बाहेरून नळीनं घालता येतं का. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं का. आणि बिघडलं तर त्याचा पंखा किंवा मोटर धुळ्यात मिळेल का. दुकानदार 98 टक्के पिल्लं निघतात म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला नाही, पण नव्या माणसानं या आकड्यावर विश्वास ठेवू नये असं मनापासून सांगते. चांगल्या, ताज्या, कोंबडा फिरलेल्या अंड्यांतून शंभराला सत्तर-पंचाहत्तर निघाली तर त्या घरानं आनंद मानावा.

मशीन आणलं त्या रात्री मी त्यात अंडी ठेवली नाहीत, थर्मामीटर ठेवला. लेकीचा ताप मोजायचा, काचेचा, पाऱ्याचा, तिच्या जन्मापासून कपाटात असलेला. अंड्यांना हवं ते तापमान बरोबर त्याच्याच पट्ट्यात येतं, त्यामुळे नव्या मशीनचा आकडा खरा की खोटा हे सांगायला त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार घरात दुसरा नाही. पडद्यावर 37.6 होतं आणि पारा त्याच्या खाली अर्धा अंश. अर्धा अंश ऐकायला काहीच वाटत नाही. पण एकवीस दिवस अर्धा अंश कमी राहिला की पिल्लं बाविसाव्या-तेविसाव्या दिवसावर जातात, उशिरा आणि मलूल. मी सेटिंग सुधारलं, पुन्हा तासभर थांबले, पुन्हा पारा बघितला. साडेनव्याण्णव फॅरनहाइटच्या रेषेवर तो थांबला तेव्हा मला एकदम ते ओळखीचं वाटलं. साडेनव्याण्णव म्हणजे ताप नव्हे. कपाळाला हात लावून आई म्हणते ना, "ताप नाही, कणकण आहे," ती ही कणकण. एका पिवळ्या थेंबातून डोळे, पंख, नखं, चोच घडवायला एवढीच लागते. जास्त नाही, कमी नाही, एकवीस दिवस न उतरणारी कणकण.

पहिली पिल्लं पौषात काढली. धुळ्याची थंडी ज्याला माहीत आहे त्याला माझी त्या रात्रींची झोप कशी गेली असेल हे सांगायला नको. लाल दिवा विझायचाच नाही. मी रजईतून मान वर करून बघायची, लागलेला दिसला की पुन्हा आडवी व्हायची. त्या दिवसांत तो माझ्यासाठी देवघरातल्या समईसारखा झाला होता. सातव्या रात्री आम्ही खोलीत अंधार करून टॉर्चवर अंडी बघितली. टॉर्चच्या तोंडावर काळ्या पुठ्ठ्याचं भोक, त्यावर अंड्याचं जाड टोक. पहिलं अंडं नुसतंच पिवळं उजळलं, कंदिलाच्या काचेसारखं. रिकामं. दुसरं लावलं आणि लेकीनं माझा दंड घट्ट धरला. आत तांबड्या धाग्यांचं जाळं पसरलं होतं, मधोमध एक काळा ठिपका, आणि तो ठिपका हलत होता. वारा नसलेल्या पाण्यात काडी हलावी तसा, आपल्या आपण. ठिपका म्हणजे डोळा. आम्ही किती वेळ ते अंडं धरून बसलो होतो कोण जाणे. शेवटी मीच म्हटलं, ठेव गं, गार होईल.

लेकीनं तेव्हापासून वही घातली. चौकटींची, तारीख, वेळ, तापमान, ओलावा, शेरा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती एक अंडं ठरवून रोज तोलायची. 42 ग्रॅमचं गावरानी अंडं अठराव्या दिवशी 37 ग्रॅमवर आलं होतं. एवढं पाणी त्यातून उडून जावंच लागतं, त्याच जागेत जाड टोकाला हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. आमच्याकडच्या कोरड्या हवेत पाणी जास्त उडायची भीती, म्हणून पहिले अठरा दिवस ओलावा 45 ते 50 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 च्या वर. हे आकडे मी आता झोपेतही सांगेन.

तीसमधून एकोणीस निघाली. पण मला आठवतं ते विसावं.

त्यानं सकाळी नऊला टोच मारली होती. डाळिंबाच्या दाण्याएवढं भोक, त्यातून चोचीचं टोक. बाकीची एकामागून एक कवचाची टोपी उडवून बाहेर पडत होती आणि हे तसंच. दुपार झाली, संध्याकाळ झाली. ते भोकातून ओरडायचं, मग गप्प व्हायचं. गप्प झालं की माझ्या पोटात खड्डा पडायचा. रात्री दहाला मी झाकण उघडलं, चिमटा घेतला आणि कवच सोलायला लागले. तिसऱ्या तुकड्याला रक्त आलं. केसाएवढी शीर, एकच थेंब, पण थांबेना. आतला पिवळा बलक अजून पोटात ओढला गेलेला नव्हता. मग समजलं की ते अडकलं नव्हतंच. ते थांबलं होतं. त्या थांबण्यातच ते पापुद्र्यातलं रक्त आणि उरलेला बलक आत घेत होतं. त्याच बळावर पिल्लू पुढचे दोन दिवस दाण्यापाण्याशिवाय राहू शकतं. टोच मारल्यापासून बाहेर यायला चोवीस तासही लागतात, आणि मी तेराव्या तासाला चिमटा उचलला. सकाळपर्यंत ते गेलं. झाकण उघडल्यामुळे आतला ओलावा पडला आणि शेजारच्या दोन अंड्यांतला पापुद्रा पिल्लांच्या अंगावर वाळून कागदासारखा आवळला. ती दोघंही बाहेर आलीच नाहीत. लेकीनं वहीच्या शेऱ्यात लिहिलं, 'आईने मदत केली.' तिनं ते साधेपणानं लिहिलं होतं. मी ते पान अजून उलटू शकत नाही.

माझी मोठी माय कोंबडी बसवायची तेव्हा आम्हा पोरांना त्या कोपऱ्यात फिरकू द्यायची नाही. पांझरेच्या काठचं, साक्रीकडचं आमचं गाव. स्वयंपाकघराच्या मागे अंधाऱ्या खोलीत माठाची तिवई, तिच्या शेजारी पाटी. पाटीत आधी चुलीची राख, म्हणजे उवा-पिसवा लागत नाहीत. वर गव्हाचा भुसा, भुशात एक कोळसा आणि मोडक्या विळ्याचं पातं, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. पातं आणि विजेचं मला काही सांगता येणार नाही, पण पाटी माठाजवळच का, हे मला आता नीट समजतं. माठ पाझरायचा, खालची जमीन ओली राहायची, हवा गार आणि दमट राहायची. अंडी किती ठेवायची हे ती ऋतू बघून ठरवायची. थंडीत नऊ, एरवी अकरा किंवा तेरा. थंडीत कोंबडीच्या पंखाखाली कडेचं अंडं उघडं पडतं. ठेवायच्या आधी प्रत्येक अंडं गालाला लावायची, का ते तिलाच माहीत. आणि एक नियम तिनं कधी मोडला नाही. "होळी ग्यी की कोंबडी बसाडानी नही." उन्हाळ्यात एखादी कोंबडी खुडूक झालीच, म्हणजे अंडी उबवायला हटून बसलीच, तर तिला पाण्यात बुडवून काढायची, डालग्याखाली कोंडायची, दोन दिवसांत ती खुडूकपणा सोडायची. मला लहानपणी हा दुष्टपणा वाटायचा. एकदा मी रडत म्हटलं होतं की तिला बसू दे ना, ती एवढी मागतेय. मोठी माय म्हणाली, "तिले समजस, पन ऊनले समजत नही."

2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू आला तेव्हा मी धुळ्यात कॉलेजला होते. रविवारी घरी गेले. आमच्या गावात कुठलं पथक आलं नव्हतं, कुठल्या बाधित वर्तुळात गावाचं नाव नव्हतं, एकही कोंबडी आजारी नव्हती. पण भीती यायला पथक लागत नाही. घरात लहान पोरं होती, रोज पेपरात पांढरे झगे घातलेल्या माणसांचे फोटो होते. काकांनी शनिवारी रात्रीच तेरा कोंबड्या आणि कोंबडा पुरून टाकला होता. मी काकांना दोष देत नाही, त्या रात्री मी आई असते तर मीही हेच केलं असतं. पण त्यातली एक पाटीवर होती. तिला उचलून नेली आणि अंडी पाटीतच राहिली, घाईत ती कुणाच्या लक्षात आली नाहीत. मोठी माय सकाळी त्या खोलीत गेली तेव्हा ती अजून पुरती गार झाली नव्हती म्हणे. तिनं त्यावर स्वतःचं लुगडं टाकलं होतं. दुपारी मी पोहोचले तेव्हा ती पाटीशेजारी भिंतीला टेकून बसली होती आणि लुगड्याच्या घडीखाली तिचा एक हात होता. संध्याकाळी तिनंच अंडी नेऊन पुरली, पाटी धुतली आणि पालथी घातली. त्यानंतर ती असेपर्यंत घरात कोंबडी आली नाही. ती गेल्यावर आईनं आठवडे बाजारातून दोन तलंगा आणि कोंबडा आणला, आता चांगली नऊ-दहांची वस्ती आहे. 2021 मध्ये नवापूरचं नाव पुन्हा तसंच ऐकू आलं तेव्हा मी आईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, दार लावून घेतलंय, कुणाला सांगू नकोस.

ही अठ्ठावीस अंडी त्याच कोंबड्यांची. आईनं सात दिवस जमवलेली, निमुळतं टोक खाली करून, माठाजवळच्या कोनाड्यात ठेवलेली. न धुतलेली, कारण अंड्यावरचं पातळ आवरण धुतलं की जंतूंना दार उघडं. साक्रीहून एसटीत मांडीवर डबा घेऊन मी आले, बाजरीच्या भुशात एकेक अंडं रोवलेलं, आणि प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी डबा उचलून धरलेला. घरी आणल्यावर एक दिवस ती तशीच निवांत ठेवली, मग मशीनमध्ये. गिरिराज, वनराज या सुधारित जातींची अंडीही मिळाली असती, पिल्लं लवकर वाढतात. पण मला हीच हवी होती. लेकीचा हिशोब होता की पिल्लं बरोबर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निघतील. मला मोठ्या मायचा नियम आठवत नव्हता असं नाही. मी स्वतःला म्हटलं, तो कोंबडीसाठी होता. हे मशीन आहे, याला आकडा दिला की ते पाळतं.

पण मशीन फक्त ऊब देऊ शकतं. काढून घेऊ शकत नाही. ज्या खोलीत ते ठेवलंय त्या खोलीच्या खाली त्याचा आकडा उतरूच शकत नाही. पौषात सहा अंशांच्या रात्रीशी झगडून जिंकलेलं यंत्र वैशाखाच्या तोंडावर नुसतं बघत बसतं. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे लक्षात यायचं कारण नाही; खान्देशात मशीन घेणाऱ्यानं मात्र हीटर किती वॅटचा हे विचारण्याआधी घरातली सगळ्यात गार जागा कोणती, हे शोधावं. मी शोधली, पण चाळिशी ओलांडलेल्या आकड्यानंतर. खालच्या काकूंनी त्याच संध्याकाळी जिन्याखालची कोठी रिकामी करून दिली. पलीकडे पाण्याच्या टाकीची भिंत, फरशी गार, दारात कुलर. अंडी मी ट्रेसकट बाहेर काढली होती, ओल्या पंचानं वारा घातला, अर्ध्या तासानं एकेक डोळ्याच्या पापणीला लावून बघितलं. जुन्या इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवणारे लोक असंच पापणीला लावून ऊब जोखायचे; थर्मामीटर जगात नव्हता तेव्हाही त्यांची पिल्लं निघायची. माझ्या पापणीला मात्र फक्त माझं पाणी लागलं.

अठराव्या रात्री टॉर्च लावला. अठ्ठावीसमधली अकरा हलली.

सतरा अंडी मी एका ताटात बाजूला ठेवत गेले. लेक प्रत्येक वेळी म्हणायची, "अजून एकदा बघ ना." मी बघायची. रक्तवाहिन्या काळपट होऊन मिटलेल्या, आत नुसती सावली, कलवली की सैल घरंगळणारी. दोन दिवसांनी साक्री रस्त्यावरच्या ओळखीच्या एका पोल्ट्रीवाल्या गृहस्थांकडे गेले. त्यांची स्वतःची हॅचरी आहे, कपाटाएवढी यंत्रं आहेत. माझं ऐकून घेतल्यावर त्यांनी एक कपाट उघडून आतली तांब्याची नळी दाखवली. मला वाटलं वाफेची असेल. म्हणाले, "यातून गार पाणी फिरतं, ताई. पहिले दहा-बारा दिवस अंडं ऊब घेतं. त्यानंतर ते देऊ लागतं. शेवटच्या आठवड्यात आम्ही गरम करत नाही, थंडच करत असतो." मी विचारलं, देऊ लागतं म्हणजे? ते म्हणाले, "पिल्लू आहे ना आत. त्याचं हृदय चालतं, त्याचं रक्त फिरतं. ते तापणारच." इजिप्तच्या त्या भट्ट्यांतही अखेरच्या टप्प्यात जाळ बंद करत, हे मी कुठंतरी वाचलं होतं. वाचताना त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

परत येताना रिक्षात मला लेकीच्या प्रश्नाचं दुसरं अर्धं सापडलं. ऊन होतंच, स्लॅब होताच. पण त्यावरचे ते शेवटचे अंश उन्हाचे नव्हते. अठ्ठावीस जिवंत पिल्लं एका बंद डब्यात एकमेकांना तापवत होती. जिवंत होती म्हणून तापवत होती. त्यांतलं निम्मं आधीच मेलेलं असतं तर आकडा एवढा चढला नसता. ज्या 40.3 ला बघून मी घाबरले तो आकडा म्हणजे तीच होती. आणि आम्ही घरी नव्हतो. झाकण बोटभर उघडं ठेवायला, कुलर चालू ठेवायला कुणी नव्हतं. पौषात झाकण उघडलं म्हणून तीन गेली होती, आणि चैत्रात उघडलं नाही म्हणून सतरा. आईनं तेवढ्यात फोन केला होता, "आखाजीले येस ना वं?" तिला मी नाही म्हटलं. लग्नानंतरची ही पहिली आखाजी, जेव्हा मी माहेरी गेले नाही. लिंबाला झोका बांधलाय म्हणाली, रिकामाच हलतोय.

आखाजीच्या आदल्या रात्री मी कोठीतच चटई टाकली. लेक हट्टानं शेजारी झोपली. अकरांपैकी तीन अंड्यांवर संध्याकाळीच टोच दिसली होती आणि बाकीच्यांतल्या काहींचा आवाज कवचाआडून येत होता, विहिरीतून यावा तसा. या वेळी मी चिमटा वर कपाटात ठेवून आले होते. रात्री अकराला वादळ उठलं, पत्रे वाजले, शहराच्या कुठल्यातरी टोकाला तार तुटली असेल, लाइट गेली. इन्व्हर्टरनं तीनपर्यंत साथ दिली. मग त्यानंही टुक करून मान टाकली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. वर्षभर ज्याची भीती वाटत होती ते हे. इतकी शांतता त्या कोठीत पहिल्यांदाच ऐकली. तेवढ्यात दाराशी काकू आल्या, हातात मेणबत्ती आणि काखेत गोधडी. "झाकून टाक गं लवकर, गार पडतील."

मी गोधडी घेतली. थंडीत मी हेच केलं असतं, आणि ते बरोबरही ठरलं असतं. मेणबत्तीच्या उजेडात झाकणाच्या खिडकीवर आतून बारीक दव धरलं होतं. मी झाकणावर तळहात ठेवला. मग गोधडीची घडी केली आणि तिच्यावरच मांडी घालून बसले. हवेची भोकं उघडी आहेत ना, एवढं बोटानं चाचपून बघितलं. काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग मेणबत्ती उंबऱ्यावर ठेवून गेल्या.

लेक जागी झाली. अंधारात चाचपत म्हणाली, "आई, लाइट आली?"

"नाही."

"दिवा?"

"तोही नाही."

ती उठून बसली. आतून एक आवाज आला, त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं. मी तिचा हात धरला आणि झाकणावर ठेवला.